सूपभर तांदूळ

“सासूबाई पडल्यात,” मी फोनवर सांगितलं. “न्हाणीघरात. माकडहाडाला मार बसलाय. डॉक्टरांनी हलायचंच नाही म्हणून सांगितलंय.”

समोर पाटावर बसून सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. मी त्यांच्याकडे पाठ केली.

“अगं बाई!” पलीकडून कांचनताई म्हणाल्या. “या वयात माकडहाड? लई वाईट दुखणं हो ते. मग तुम्ही कशाला माझ्या व्याख्यानाच्या भानगडीत पडताय? पुढं ढकला की.”

“छे छे, व्याख्यान रविवारीच होणार. फक्त उतरायचं तेवढं... आमच्याकडे तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल आता. वाचनालयाच्या माडीवर खोली आहे. गादी आहे, पंखा आहे.”

“बाई, मी फलाटावर झोपलेली आहे. माडी म्हणजे चैनच की. तुम्ही म्हातारीकडं बघा.”

मी फोन ठेवला.

“मी कधी गं पडले?” सासूबाईंनी विचारलं.

“रविवारी पडणार आहात.”

“बरं. सांगून ठेवलंस ते बरं झालं,” असं म्हणून त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. त्यांना तेव्हा ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि दात सोडले तर सगळं धड होतं.

मी मांडकेबाई. फलटणला तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं. फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानच होता. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेले, तिथेही कुणाची भीड ठेवली नाही. त्या वर्षी व्याख्यानमालेला कांचन अवघडे यांना बोलवायचं मीच काढलं. त्यांचं आत्मकथन मी दोनदा वाचलं होतं. सोलापूरच्या एका गल्लीत मुलगा म्हणून जन्म, घरातून हाकललं जाणं, मग गुरूच्या घरी राहून दारोदार, दुकानोदुकानी टाळी वाजवून मागणं, आणि त्यातून बाहेर पडून पुण्यात संस्था काढणं, रेशनकार्डापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत आपल्या माणसांसाठी भांडणं. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की ज्या दिवशी संस्थेचं काम सुरू केलं त्या दिवशी टाळी सोडली, आता मरेपर्यंत कुणाच्या दारात टाळी वाजवायची नाही, उपाशी मेले तरी. त्या पानावर मी पेन्सिलीने रेघ मारली होती आणि त्यांना चार पानी पत्र पाठवलं होतं. त्यांचंही उत्तर आलं. मग वर्षभर पत्रं आणि फोन चालूच होते.

बैठकीत सचिव भोइटे वकिलांनी शंका काढली. “बोलवायला हरकत नाही हो बाई. पण उतरवणार कुणाकडे?”

आमच्या वाचनालयाची जुनी रीत होती. वक्त्याला लॉजवर ठेवायचं नाही. कार्यकारिणीतल्या कुणीतरी घरी उतरवायचं, घरचं जेवू घालायचं, आणि ज्याच्या घरी पाहुणा त्याच्याच हातून व्यासपीठावर शाल-श्रीफळ.

“माझ्याकडे!” मी टेबलावर हात आपटला. “माझ्या घरात, माझ्या पलंगावर! आणि कुणाला त्रास होत असेल त्यांनी त्या दिवशी माझ्या गल्लीतून जाऊ नये.”

वकिलांनी तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. पुढचे आठ दिवस मी ही गोष्ट भाजीवालीपासून सगळ्यांना सांगितली.

आणि मग आगट्यांचा फोन आला.

आमची केतकी हैदराबादला नोकरीला होती. एकतीस चालू होतं. दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलं होतं, दुसऱ्या वेळी तर याद्या झाल्यावर. त्यानंतर तिने ‘मला आता कुणी बघायला नको’ असं सांगून टाकलं होतं. साताऱ्याच्या तुषार आगटेशी तिची ओळख कुणीतरी करून दिली, फोनवर बोलणी झाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा पोरगी हसून बोलायला लागली. दोघांचं जमलंच होतं. पण तुषारची आई लहानपणीच गेलेली, त्याला वाढवलं इंदूआत्याने. आत्याच्या मनात आलं तर होणार, नाहीतर नाही. त्या रविवारी चारला येणार होत्या. सोमवारी त्यांना मुलीकडे बडोद्याला जायचं होतं, आणि जमलं तर रात्री जेवूनच साताऱ्याला परतणार होत्या.

“तुझं काय समाजकार्य असेल ते लग्न झाल्यावर कर,” हे म्हणाले. “आत्याबाई जुन्या वळणाच्या आहेत. तुझी ती पाहुणी घरात दिसली तर उठून जातील.”

मी भांडले असते तर जिंकले असते. घरात माझ्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण मी भांडलेच नाही. ह्यांनी सुचवायच्या आतच मला ते सुचलेलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर कांचनताई म्हणाल्या असत्या, ‘मग मी पाहुणे गेल्यावर येते.’ म्हणून सासूबाईंना पाडलं. केतकीला मी पाहुणीबद्दल काही सांगितलंच नव्हतं, आल्यावर चकित करू म्हणून. आता सांगायची गरजच उरली नाही.

रविवारी आगटे मंडळी आली. तुषार, त्याचे वडील आणि इंदूआत्या. आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, वारा लागतो म्हणून. सासूबाई इरकल नेसून झोपाळ्यावर बसल्या होत्या आणि जुन्या साताऱ्याच्या गप्पा मारत होत्या. केतकीने पोहे आणले. सगळं चाललं होतं, तरी आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी केतकीला पगार विचारला, स्वयंपाक विचारला, आणि मग सरळच म्हणाल्या, “आधीचं याद्या झाल्यावर का मोडलं?”

केतकीने हातातली बशी टेबलावर ठेवली. हे घसा खाकरायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात फाटक वाजलं.

फिकट निळी सुती साडी, खांद्याला झोळी, हातात मोसंब्यांची पिशवी. कांचनताई पायरी चढून उघड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना त्याआधी फक्त पुस्तकावरच्या फोटोत पाहिलं होतं. पत्ता त्यांच्याकडे होताच, पत्रांवरचा. दुपारच्या गाडीने आल्या असणार आणि व्याख्यानाच्या आधी आजारी माणसाला बघून जावं म्हणून फळं घेऊन आल्या होत्या.

त्यांनी तोंडभर हसून “बाई...” एवढंच म्हटलं. मग त्यांची नजर झोपाळ्यावर गेली. सासूबाई पोह्यांची बशी हातात धरून पायाने झोका घेत होत्या. मग केतकीकडे, तिच्या अंगावरच्या पैठणीकडे, टेबलावरच्या पेढ्यांकडे. शेवटी माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

“अगबाई!” इंदूआत्या एकदम उठून उभ्या राहिल्या. “शकुन झाला की हो! लग्नाच्या बोलण्यात हे दारात आले! न बोलावता आले! अहो मांडकेबाई, बघत काय बसलात? यांना रिकामं पाठवू नये. सूप आणा, तांदूळ आणा, नारळ आणा!”

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं: ‘आत्याबाई, या लेखिका कांचन अवघडे, माझ्या पाहुण्या आहेत.’ सहावीतल्या मुलाला सुद्धा म्हणता आलं असतं. केतकी माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं असेल आई आता या बाईला हाकलते की काय. मी कांचनताईंकडे बघितलं आणि म्हणाले, “थांबा हं. आणते.”

आणि मी स्वयंपाकघरात गेले. सूप काढलं, त्यात तांदूळ घेतले, गुळाचा खडा ठेवला, नारळ ठेवला. माझे हात अजिबात थरथरत नव्हते. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते. तांदूळ घेताना मी आंबेमोहोर बाजूला सारून रोजचा घेतला होता.

बाहेर आले तर त्या तिथेच उभ्या होत्या. मोसंब्यांची पिशवी त्यांनी चपलांच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी सरकवून ठेवली होती. मी सूप पुढे केलं. त्यांनी पदर पसरून तांदूळ घेतले. त्यातले चिमूटभर उचलून केतकीच्या डोक्यावर टाकले. “सुखी राहा पोरी,” म्हणाल्या.

“अशी मुकाट्याने काय देतेस गं?” इंदूआत्या म्हणाल्या. “टाळी वाजवून दे की तुमच्या रीतीनं. त्याशिवाय का आशीर्वाद लागतो!”

मला वाटलं, आता त्या बोलतील. नारळ माझ्या पायाशी टाकतील आणि चारचौघांत माझी सालटी काढतील. खरंच सांगते, बोलाव्यात असं वाटलं. मला बोलता येत नव्हतं, त्यांनी तरी बोलावं.

त्यांनी केतकीकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, तळवे आडवे धरले आणि टाळी वाजवली. एकदा नाही, तीनदा. “जोडा सुखात राहू दे! वर्षात पाळणा हलू दे!” आवाजसुद्धा वेगळा काढला, बाजारात काढतात तसा. इंदूआत्यांनी हात जोडले. कांचनताई पायरी उतरून गेल्या, फाटक हळू लावून घेतलं.

इंदूआत्या खाली बसल्या आणि त्यांनी केतकीला जवळ बोलावलं. “मोडलं ते बरंच झालं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “तू आमच्याकडे यायची होतीस.” पाच मिनिटांत पेढे वाटले गेले.

मी स्वयंपाकघरात गेले तर मागोमाग सासूबाई आल्या.

“ती तीच ना गं? तुझी लेखिका?”

मी मान हलवली.

“मला एक डोळा मारला असतास तर मी तिथल्या तिथे आडवी झाले असते,” त्या म्हणाल्या. “निदान आजारी तरी झाले असते.” मग त्यांनी बाहेर जाऊन चपलांमागची पिशवी आणली आणि माझ्या ओट्यावर ठेवली.

सहाला व्याख्यान होतं. पाहुण्यांना ह्यांच्या स्वाधीन करून मी गेले. जायला नको होतं, पण परिचय मी करून देणार होते आणि सत्कारही माझ्याच हातून होता. कांचनताई व्यासपीठावर आधीच बसल्या होत्या. मला बघून त्यांनी नमस्कार केला, सगळ्यांसमोर करतात तसा. मी लिहून आणलेला परिचय वाचला. त्यात ‘आमच्या घरच्या पाहुण्या’ असं एक वाक्य होतं, ते गाळलं. मग भोइटे वकिलांनी शाल माझ्या हातात दिली, नारळ दिला. दोन तासांत त्याच बाईच्या हातात मी दुसरा नारळ ठेवत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्याख्यान फार चांगलं झालं असं लोक सांगतात. मला एवढंच आठवतं की त्या भराभर बोलत होत्या, लोक हसत होते आणि मधेच गप्प होत होते, आणि प्रत्येक वाक्याला मला वाटत होतं की आता सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. शेवटी वकीलसाहेब आभार मानताना म्हणाले, “मांडकेबाईंच्या धैर्याचं कौतुक केलं पाहिजे.”

साडेसातला मी माडीवर गेले. हातात डबा होता. कांचनताई झोळी भरत होत्या.

“निघालात?”

“आठची पुण्याची गाडी आहे म्हणे.”

“जेवून तरी... मी सांज्याच्या पोळ्या आणल्यात.”

“डबा राहू द्या बाई. आज तुमच्याकडचं एकदा घेतलंय.”

मी खाली बसले. माफी मागायची म्हणून घरून वाक्यं ठरवून आले होते. मराठीची शिक्षिका मी. “कांचनताई, मी... माझी मजबुरी...”

“मजबुरी म्हणू नका,” त्या एकदम म्हणाल्या. “मजबुरी मी बघितलीय. तुमची ती नव्हती. तुम्हाला माझी लाज वाटली. तेवढं म्हणा, म्हणजे आपण पुढं बोलू.”

“लाज वाटली,” मी म्हणाले.

“हां.” त्या गादीच्या कडेवर बसल्या. “आणि राग आला नाही असं समजू नका. लई राग आलाय. उद्या, परवा अजून येईल. मला असा उशिरा येतो.”

“मग तुम्ही टाळी का वाजवलीत? तुम्ही तर...”

“तुमच्यासाठी नाही वाजवली.” त्यांनी शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आले होते, तेव्हा मी घरी गेले होते. साडी नेसून. मला काय माहीत पाहुणे आहेत. ते उठून गेले. तिचं लग्न पुढं झालं, पण दारुड्याशी. हे मी पुस्तकात लिहिलं नाही, तिच्यासाठी. आज तुमच्या पोरीनं माझ्याकडं बघितलं ना, तस्संच तिनं बघितलं होतं. म्हणून वाजवली.”

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, जवळ आल्या नाहीत.

“पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतीय,” त्या झोळी खांद्याला लावत म्हणाल्या. “शेवटचं पान काढून टाकावं लागेल आता. मी खोटं छापत नसते.”

“मी काय करू? सांगा. काहीही सांगा.”

त्यांनी जरा विचार केला. “पोरीला सांगा. आत्ता नका सांगू, लग्नात विघ्न नको. लग्न झालं, पाय रुळला, की सांगा. दारात आली होती ती कोण होती, नाव काय, कशाला आली होती. बाकी काही नको मला.”

“सांगते. नक्की सांगते.”

“बघा हं बाई,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी स्टँडपर्यंत सोडायला येते म्हणाले, तर नको म्हणाल्या.

केतकीचं लग्न झालं. छान झालं. मला वाटलं पहिली दिवाळी होऊ दे. दिवाळीत जावई आले होते, त्यांच्यासमोर कसं सांगणार? मग तिला दिवस गेले, तेव्हा तिला त्रास नको म्हणून थांबले. मग इंदूआत्या आजारी पडल्या आणि गेल्या, तेव्हा ते बरं दिसलं नसतं. सासूबाईही गेल्या. जाण्याआधी त्यांनी एकदा विचारलं होतं, “सांगितलंस का गं केतकीला?” मी “हो” म्हणून सांगितलं. मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले. दुसरी आवृत्ती निघाल्यावर पुण्याला जाऊन विकत आणली आणि दुकानातच शेवट उघडून पाहिला. ते पान नव्हतं. मी त्यांना पत्र लिहिलं नाही. त्यांचंही आलं नाही. अधूनमधून पेपरात त्यांचं नाव येतं, मोर्चाचं, पुरस्काराचं. ते पान मी रद्दीत खाली घालते.

गेल्या मे महिन्यात केतकी सुट्टीला आली होती. तिची सई आता दहा वर्षांची आहे, बोलायला माझ्यावर गेलीय. दुपारी आम्ही तिघी खाली सतरंजीवर आंब्याच्या साठाला रस गाळत बसलो होतो. सईने विचारलं, “आई, तुझं लग्न कसं ठरलं?”

“अगं, गंमतच झाली,” केतकी म्हणाली. “तुझ्या बाबांची इंदूआत्या काही केल्या हो म्हणत नव्हती. तेवढ्यात दारात एक तृतीयपंथी आली. आजीने सूप भरून तांदूळ दिले, नारळ दिला. तिने टाळी वाजवून आशीर्वाद दिला आणि आत्या विरघळलीच. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं गं. पण तुझी आजी पहिल्यापासूनच मोठ्या मनाची.”

ती माझ्याकडे बघून हसली. खरंच कौतुकाने हसली. मी चाळणीत रस घोटत राहिले. तेरा वर्षं ज्या वेळेची मी वाट पाहत होते म्हणून स्वतःला सांगितलं, ती हीच होती. घरात आम्ही तिघीच होतो. कुणाचं लग्न मोडणार नव्हतं.

“नाव काय होतं गं आजी तिचं?” सईने विचारलं.

“काय की बाई,” मी म्हणाले. “आपण कुठं विचारतो.”